रेल्सचा शिरस्ता मोडताना: कंट्रोलरमधून थेट मजकूर पाठवण्याच्या पायऱ्या

रेल्स या रूबी भाषेतील वेब-फ्रेमवर्कमध्ये कंट्रोलरच्या ॲक्शनने, म्हणजे ब्राउझरची मागणी हाताळणाऱ्या मेथडने, काहीही सांगितले नाही तरी उत्तर जाते. ‘मेंबर्स’ कंट्रोलरमधील ‘इंडेक्स’ ही ॲक्शन संपली आणि तिने स्वतः काही पाठवले नसेल, तर रेल्स ‘व्ह्यूज’ फोल्डरातल्या ‘मेंबर्स’ या उपफोल्डरात ‘इंडेक्स’ नावाचे टेम्प्लेट शोधते, ते भरते, त्याभोवती ‘ॲप्लिकेशन’ हा लेआउट, म्हणजे पानांचा सामाईक सांगाडा, चढवते आणि सगळे एचटीएमएल म्हणून रवाना करते. डेव्हिड हाइनमायर हॅन्सन यांनी २००४ साली रेल्स खुले केले, तेव्हापासून नावांवरून काम ओळखण्याचा हा शिरस्ता आहे आणि बहुतेक पानांना तो पुरतो. तो अपुरा पडतो ते पान नसलेल्या उत्तरांसाठी: एक्सेलमध्ये उघडायची यादी, मोबाइल ॲपला लागणारे जेसन (माहितीच्या देवाणघेवाणीचे मजकूर-स्वरूप), पावतीची पीडीएफ, किंवा दुसऱ्या सर्व्हरला द्यायचे एका शब्दाचे उत्तर.

अशा वेळी शिरस्ता किती मोडायचा, हा खरा प्रश्न असतो. रेल्समध्ये शिरस्त्यातून बाहेर पडण्याचे मार्ग एकाखाली एक अशा पायऱ्यांसारखे आहेत, आणि प्रत्येक पायरी उतरताना रेल्स आपल्या वतीने गुपचूप करत असलेले एखादे काम आपल्या अंगावर येते. म्हणून ज्या पायरीवर काम भागते तिच्या खाली उतरू नये, असे माझे मत आहे. उदाहरण म्हणून मी एका पतसंस्थेसाठी केलेल्या ‘सभासद यादी उतरवून घ्या’ या बटणाचे काम घेतो, कारण मराठी नावांनी भरलेली यादी शिरस्त्याबाहेर पाठवताना जे जे चुकू शकते, त्यातले बहुतेक सगळे त्या एका बटणात माझ्या हातून चुकले होते.

लेखात रेल्स ७ आणि त्यापुढील आवृत्त्या गृहीत धरल्या आहेत. मेथड आणि पर्यायांची नावे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत; टंकताना ती नेहमीच्या रोमन स्पेलिंगने आणि मेथडच्या नावात एकाहून अधिक शब्द असतील तर मध्ये अंडरस्कोर घालून लिहावीत.

पहिली पायरी: काहीच न सांगितल्यास काय होते ते पाहून घ्या

फ्लास्क किंवा सिनात्रा ही दुसरी फ्रेमवर्क वापरून रेल्सकडे आलेले लोक ॲक्शनच्या शेवटच्या ओळीत एखादी स्ट्रिंग लिहितात आणि तीच ब्राउझरला जाईल असे समजतात. रेल्समध्ये ॲक्शनने परत केलेल्या मूल्याला काहीच किंमत नसते. रेल्स एवढेच पाहते की ‘रेंडर’, ‘रीडायरेक्ट टू’ किंवा ‘हेड’ यांपैकी कशाने तरी उत्तराचा मजकूर आधीच भरला आहे का. भरला नसेल तर टेम्प्लेटचा शोध सुरू होतो. हा शिरस्ता इतका पक्का आहे की कंट्रोलरमध्ये त्या नावाची मेथडच लिहिलेली नसली, पण त्या नावाचे टेम्प्लेट असले, तरी पान दिसते.

टेम्प्लेट सापडले नाही तर पुढे तीन वाटा फुटतात. त्याच ॲक्शनचे टेम्प्लेट दुसऱ्या एखाद्या स्वरूपात असेल, उदाहरणार्थ मागणी सीएसव्हीची (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेल्या यादीची) आणि फाइल मात्र फक्त एचटीएमएलची, तर ‘अननोन फॉरमॅट’ हा अपवाद (एक्सेप्शन) उठतो. कोणतेच टेम्प्लेट नसेल आणि मागणी ब्राउझरमधून साध्या गेट पद्धतीने, एचटीएमएलसाठी आलेली असेल, तर ‘मिसिंग एक्झॅक्ट टेम्प्लेट’ हा अपवाद उठतो आणि चूक निदान डोळ्यांसमोर येते. बाकी सर्व प्रसंगी रेल्स २०४ क्रमांकाचे रिकामे उत्तर देऊन मोकळे होते. फसवी वाट ती हीच. फॉर्म पोस्ट केला, ॲक्शनमधले काम नीट झाले, डेटाबेसमध्ये नोंदही पडली, पण पान जागचे हलत नाही आणि वापरणारा बटण चालत नाही म्हणून ते पुन्हापुन्हा दाबतो. लॉगमध्ये टेम्प्लेट न सापडल्याने ‘नो कंटेंट’ पाठवल्याची ओळ दिसली, तर आपण उत्तर द्यायलाच विसरलो आहोत हे ओळखावे. उत्तर मुद्दामच रिकामे द्यायचे असेल तर ‘हेड’ला ‘नो कंटेंट’ हे चिन्ह देऊन तसे स्पष्ट लिहावे, म्हणजे सहा महिन्यांनी वाचणाऱ्याला तो विसरभोळेपणा वाटणार नाही.

दुसरी पायरी: टेम्प्लेट ठेवा, फक्त लेआउट काढा

पुष्कळदा मोडायचा असतो तो फक्त लेआउट. पावती छापताना वरचा मेनू नको असतो, किंवा जावास्क्रिप्टने मागवलेला पानाचा एखादा तुकडा हवा असतो. अशा वेळी ‘रेंडर’ला ‘लेआउट’ हा पर्याय ‘फॉल्स’ देऊन पाठवावा, किंवा छपाईसाठी वेगळा लेआउट तयार करून त्याचे नाव द्यावे. टेम्प्लेट जागेवर राहते, एस्केपिंग, म्हणजे मजकुरातील चिन्हे टॅग म्हणून चालू नयेत यासाठी ती बदलणे, रेल्सकडेच राहते, आणि एवढ्यावर भागत असेल तर पुढच्या पायऱ्यांकडे वळण्याचे कारण नाही.

तिसरी पायरी: टेम्प्लेटशिवाय रेंडर

‘रेंडर’ला टेम्प्लेटच्या नावाऐवजी थेट मजकूर देता येतो. त्यासाठीचे ‘प्लेन’, ‘एचटीएमएल’ आणि ‘बॉडी’ हे तीन पर्याय २०१४ सालच्या रेल्स ४.१ मध्ये आले. त्याआधी सगळे काम ‘टेक्स्ट’ या एकाच पर्यायावर चाले, आणि त्याचे नाव टेक्स्ट असूनही तो मजकूर एचटीएमएल म्हणून जात असे, त्यामुळे वापरणाऱ्याने भरलेला मजकूर त्यातून पाठवला की क्रॉस साइट स्क्रिप्टिंगचे, म्हणजे परक्याची स्क्रिप्ट आपल्या पानात चालण्याचे, दार उघडत असे. रेल्स ५.१ मध्ये तो पर्याय काढून टाकला गेला. जुन्या लेखांत किंवा उत्तरांत ‘रेंडर टेक्स्ट’ किंवा ‘रेंडर नथिंग’ दिसले तर ती माहिती कालबाह्य समजावी.

‘प्लेन’ पर्याय मजकूर साधा टेक्स्ट म्हणून, यूटीएफ-८ ही अक्षरपद्धती हेडरमध्ये (उत्तरासोबत जाणाऱ्या माहितीत) सांगून आणि लेआउट न लावता पाठवतो. मराठी मजकुरासाठी वेगळे काही करावे लागत नाही. ‘एचटीएमएल’ पर्याय स्ट्रिंग सुरक्षित म्हणून खूण केलेली नसेल तर तिच्यातील कोनी कंस एस्केप करतो. कोनी कंस पडद्यावर जसेच्या तसे दिसू लागले की लोक घाईने ‘एचटीएमएल सेफ’ लावून मोकळे होतात. त्या स्ट्रिंगमध्ये सभासदाने स्वतः भरलेले नाव असेल तर तो मोठाच धोका असतो. टॅग तयार करायचाच असेल तर ‘हेल्पर्स’मधून ‘कंटेंट टॅग’ बोलवावा, म्हणजे आतला मजकूर एस्केप होतो आणि टॅग शाबूत राहतो. ‘बॉडी’ पर्याय तर मजकुराच्या प्रकाराबद्दल काहीच ठरवत नाही, म्हणून तो वापरताना ‘कंटेंट टाइप’ स्वतः द्यावा. ‘इनलाइन’ नावाचा आणखी एक पर्याय कंट्रोलरमध्येच ईआरबी (टेम्प्लेटची भाषा) लिहू देतो, पण त्याची खरी गरज मला आजवर एकदाही पडलेली नाही.

‘जेसन’ पर्यायाबद्दल एक उपयोगी गोष्ट फारशी सांगितली जात नाही. त्याला ऑब्जेक्ट दिला तर तो त्याचे जेसन करतो, पण स्ट्रिंग दिली तर ती तशीच पाठवतो. पोस्टग्रेस या डेटाबेसनेच तयार करून दिलेले जेसन हातात असेल तर ते रूबीत उलगडून पुन्हा गुंडाळण्याची गरज नसते. उलट, जिथे एक साधा मराठी शब्द वैध जेसन म्हणून पाठवायचा असतो, तिथे नुसती स्ट्रिंग दिल्यास अवतरणचिन्हे लागत नाहीत आणि समोरचे ॲप वाचताना अडखळते. तिथे ‘टू जेसन’ स्वतः बोलवावे लागते.

या पायरीवर हमखास भेटणारी चूक म्हणजे ‘डबल रेंडर एरर’. ‘रेंडर’ ही मेथड ॲक्शन थांबवत नाही. ती उत्तर भरते आणि पुढची ओळ चालू राहते. ‘सभासद सापडला नाही’ असे रेंडर करून खाली पुन्हा यादी रेंडर होत असेल तर अपवाद उठणारच. अटीच्या आत रेंडर केल्यावर ‘रिटर्न’ लिहावे. ‘बिफोर ॲक्शन’मध्ये मात्र याची गरज नसते, कारण तिथे उत्तर भरले गेले की रेल्स पुढची साखळी आपणहून तोडते.

आणि एक गोष्ट कधीही करू नये: ‘रेंडर’ला थेट ‘पॅराम्स’मधले, म्हणजे वापरणाऱ्याच्या मागणीतून आलेले, मूल्य देणे. ‘कोणते पान दाखवायचे ते युआरएलमधून घेऊ’ ही कल्पना सोयीची वाटते, पण वापरणाऱ्याच्या हातातले मूल्य ‘रेंडर’पर्यंत पोहोचले तर तो त्यातून ‘इनलाइन’सारखा पर्यायही देऊ शकतो, २०१६ साली याच कारणाने सर्व्हरवर परका कोड चालवता येण्याची त्रुटी रेल्सला दुरुस्त करावी लागली. २०१९ च्या मार्चमध्ये जाहीर झालेली सीव्हीई-२०१९-५४१८ (जाहीर त्रुटींच्या यादीतील क्रमांक) ही त्रुटीही शिरस्त्याबाहेरच्या वाटेवरचीच होती: ‘रेंडर फाइल’ वापरलेल्या ठिकाणी ‘ॲक्सेप्ट’ हेडरमध्ये खोडसाळ मार्ग लिहून सर्व्हरवरील कोणतीही फाइल वाचता येत होती. रेल्स अद्ययावत ठेवावे हे खरेच, पण त्याबरोबर पानांची नावे एका ठरलेल्या यादीतूनच निवडावीत आणि युआरएलमधील मूल्य त्या यादीतील किल्ली म्हणूनच वापरावे.

चौथी पायरी: सेंड डेटा, आणि मराठी यादीची गोष्ट

तयार केलेला मजकूर फाइल म्हणून द्यायचा असेल तर ‘सेंड डेटा’ ही मेथड आहे. तिला मजकूर, ‘फाइलनेम’, ‘टाइप’ आणि ‘डिस्पोझिशन’ द्यायचे असते. प्रकार सांगितला नाही आणि फाइलच्या नावावरूनही तो कळला नाही, तर ती त्याला निव्वळ बाइटांचा प्रवाह मानते. ‘डिस्पोझिशन’ सांगितले नाही तर फाइल उतरवून घेण्यासाठी देते. पीडीएफ ब्राउझरमध्येच उघडायची असेल तर तिथे ‘इनलाइन’ लिहावे. ‘रिस्पॉन्ड टू’च्या आत ‘फॉरमॅट’च्या ‘सीएसव्ही’ फांदीत ‘सेंड डेटा’ लिहिला की तीच ‘इंडेक्स’ ॲक्शन पानही देते आणि फाइलही. सीएसव्ही हा प्रकार रेल्सला आधीपासून ठाऊक आहे. एक्सेलचा स्वतःचा प्रकार मात्र ‘इनिशियलायझर्स’मध्ये ‘माइम टाइप’ नोंदवून शिकवावा लागतो. रूबी ३.४ पासून ‘सीएसव्ही’ ही लायब्ररी ‘जेमफाइल’मध्ये लिहावी लागते, ते विसरू नये.

माझे बटण इथवर व्यवस्थित चालले. माझ्या लिनक्सवर यादी सुंदर दिसत होती. पतसंस्थेच्या लेखनिकांनी ती विंडोजवर एक्सेलमध्ये उघडली आणि फोन केला: “साहेब, सगळ्या सभासदांची नावं फ्रेंच झालीत.” त्यांनी पाठवलेल्या चित्रात खरोखरच प्रत्येक मराठी अक्षराच्या जागी डोक्यावर उलट्या मात्रेसारखी रेघ असलेला रोमन ‘ए’ होता, आणि त्याच्या मागे कधी चार टोकांचे चलनचिन्ह, कधी येनचे चिन्ह. कारण सरळ आहे. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते. पहिला बाइट नेहमी २२४, दुसरा १६४ किंवा १६५. एक्सेलला फाइलची अक्षरपद्धती कळली नाही, तेव्हा त्याने विंडोजची पश्चिम युरोपीय पद्धत धरली, आणि त्या पद्धतीत २२४ म्हणजे रेघवाला ‘ए’, १६४ म्हणजे चलनचिन्ह आणि १६५ म्हणजे येन. हेडरमध्ये यूटीएफ-८ लिहिलेले होते, पण फाइल डिस्कवर उतरली की हेडर मागेच राहते.

उपाय एका ओळीचा आहे: मजकुराच्या अगदी सुरुवातीला बाइट क्रमाची खूण, म्हणजे २३९, १८७ आणि १९१ हे तीन बाइट, जोडावे. ती खूण दिसली की एक्सेल फाइल यूटीएफ-८ म्हणून वाचते. ही खूण फक्त माणसांनी एक्सेलमध्ये उघडायच्या फाइलीत घालावी; तीच फाइल दुसरा प्रोग्राम वाचणार असेल तर पहिल्या स्तंभाच्या नावाला ती अदृश्य चिकटून राहते आणि ‘क्रमांक’ नावाचा स्तंभ सापडत नाही म्हणून तक्रार येते.

दुसरा फोन फाइलच्या नावाबद्दल होता. फाइलला ‘सभासद-यादी’ असे मराठी नाव देणे रेल्स ६ पासून निर्धोक आहे, कारण ‘सेंड डेटा’ हेडरमध्ये नाव दोनदा लिहितो: एकदा जुन्या ब्राउझरांसाठी साध्या रोमन चिन्हांत, ज्यात मराठी अक्षरांची निव्वळ प्रश्नचिन्हे होतात, आणि एकदा यूटीएफ-८ मध्ये, जे आजचे ब्राउझर उचलतात. मी मात्र हुशारी करून ‘कंटेंट डिस्पोझिशन’ हेडर हाताने लिहिले होते आणि त्यात दुसरे रूप नव्हतेच. जे काम मेथड बिनचूक करते ते हाताने करण्याची हौस मला त्या दिवसापासून राहिलेली नाही.

हाताने लिहिलेल्या हेडरमध्ये ‘कंटेंट लेंग्थ’ तर सर्वांत घातक. रूबीत स्ट्रिंगचे ‘लेंग्थ’ चिन्हे मोजते, हेडरला मात्र बाइट लागतात. ‘सुलोचना’ या नावात सात चिन्हे आहेत: स, उकार, ल, ओकार, च, न आणि काना. बाइट मात्र एकवीस. हेडरमध्ये सात लिहिले तर ब्राउझर सात बाइटांवर थांबतो, म्हणजे ‘सु’चे सहा बाइट आणि पुढच्या अक्षराचा एक तुटका तुकडा. इंग्रजी नावांवर चाचणी केली असेल तर ही चूक कधीच दिसत नाही. लांबी लिहायचीच असेल तर ‘बाइटसाइझ’ वापरावे. त्याहून बरे म्हणजे हे हेडर रेल्सवर आणि सर्व्हरवर सोपवावे.

सीएसव्हीत आणखी एक धोका असतो आणि त्याचा रेल्सशी संबंध नसला तरी फोन आपल्यालाच येतो. ज्या रकान्याची सुरुवात बरोबर, अधिक, उणे किंवा ॲट या चिन्हाने होते, तो एक्सेल सूत्र समजते. कुणी मुद्दाम पत्त्यात सूत्र भरून ठेवले तर ते लेखनिकाच्या संगणकावर चालू शकते, म्हणून वापरणाऱ्याने भरलेल्या अशा रकान्याच्या आधी एकेरी अवतरणचिन्ह जोडावे. खाते क्रमांकांचे दुखणे वेगळे: एक्सेल सुरुवातीची शून्ये गाळते आणि पंधरा अंकांनंतरचे अंक शून्य करते, त्यामुळे सोळा अंकी क्रमांकाचा शेवटचा अंक गायब होतो. अशा याद्यांसाठी सीएसव्हीचा नाद सोडून ‘सीएएक्सएलएसएक्स’ या जेमने (रूबी लायब्ररीने) खरी एक्सेल फाइल तयार करून ती ‘सेंड डेटा’ने पाठवणे शहाणपणाचे ठरते.

पानावर टर्बो (पूर्ण पान न बदलता फॉर्म आणि दुवे चालवणारी जावास्क्रिप्ट लायब्ररी) वापरत असाल तर फाइल देणाऱ्या फॉर्मवर टर्बो बंद करणारा डेटा ॲट्रिब्यूट लावावा. टर्बोला फॉर्मच्या यशस्वी उत्तरात रीडायरेक्ट अपेक्षित असते. फाइल आली तर तो कन्सोलमध्ये तक्रार करतो आणि वापरणाऱ्याला काहीच मिळत नाही.

पाचवी पायरी: डिस्कवरची फाइल

‘सेंड फाइल’ला मजकुराऐवजी फाइलचा मार्ग द्यायचा असतो. तो मार्ग ‘पॅराम्स’मधून कधीच घेऊ नये; डेटाबेसमधील नोंदीचा आयडी घ्यावा, ती नोंद चालू वापरकर्त्याच्याच मालकीची आहे हे तपासावे आणि मार्ग नोंदीवरून काढावा. ‘सेंड फाइल’ ॲक्शन चालू असताना फाइल वाचत नाही, वाचन नंतर होते. तात्पुरती पीडीएफ बनवून ‘सेंड फाइल’ केली आणि ‘एन्शुअर’मध्ये (काही झाले तरी शेवटी चालणाऱ्या भागात) ती पुसली, तर सर्व्हर वाचायला येतो तेव्हा फाइल नसते. अशा छोट्या फाइलीचे बाइट आधी वाचून ‘सेंड डेटा’ने द्यावेत आणि मगच ती पुसावी.

मोठ्या फाइलींसाठी रूबीची प्रक्रिया अडकवून ठेवण्यापेक्षा ते ओझे रेल्सच्या पुढे उभ्या असलेल्या एनजिनएक्स या वेब सर्व्हरवर टाकता येते. उत्पादन सर्व्हरच्या कॉन्फिगरेशनमध्ये ‘एक्स-ॲक्सेल-रीडायरेक्ट’ हे हेडर निवडले की रेल्स फाइलऐवजी फक्त तिचा पत्ता सांगते आणि एनजिनएक्स ती स्वतः पाठवते. एनजिनएक्समध्ये त्या फोल्डरासाठीचा विभाग ‘इंटर्नल’ म्हणून घोषित करावा, नाहीतर तोच पत्ता ब्राउझरमध्ये टाकून कुणीही परवानगीशिवाय फाइल नेऊ शकेल. अपाची असेल तर हेडर ‘एक्स-सेंडफाइल’ असते. दोन्ही बाजू जुळलेल्या नसतील तर उतरवलेली फाइल शून्य बाइटांची निघते.

सहावी पायरी: स्ट्रीम

यादी काही हजारांवरून काही लाख ओळींवर गेली की संपूर्ण स्ट्रिंग आधी मेमरीत तयार करणे जड जाते, आणि एनजिनएक्सची ६० सेकंदांची मूळ मुदत उलटून वापरणाऱ्याला ५०४ क्रमांकाची चूक दिसू शकते. तेव्हा ‘रिस्पॉन्स बॉडी’ला स्ट्रिंगऐवजी ‘एन्युमरेटर’, म्हणजे मागेल तसा एकेक तुकडा देणारा ऑब्जेक्ट, द्यावा. त्याच्या ब्लॉकमध्ये आधी बाइट क्रमाची खूण आणि शीर्षकाची ओळ, मग ‘फाइंड ईच’ने एकेक सभासद घेऊन त्याची ओळ, असे लिहावे. ‘फाइंड ईच’ एका वेळी १००० नोंदी आणतो, त्यामुळे मेमरी आटोक्यात राहते, पण तो नोंदी एरवी प्राथमिक किल्लीच्या क्रमानेच देतो आणि आपण लावलेला नावांचा किंवा गावांचा क्रम बाजूला ठेवतो. माझ्या यादीतली गावे अशीच विस्कटली होती. उपाय म्हणून मी क्रमाने फक्त आयडी आधी काढले आणि हजार-हजारांच्या गठ्ठ्यांनी त्या नोंदी आणून त्याच क्रमात मांडल्या.

एवढे करूनही सगळे उत्तर शेवटी एकदमच येत असेल तर मध्ये कुणीतरी ते अडवून धरत आहे. असे दोन संशयित असतात. पहिला ‘रॅक ईटॅग’ हे मिडलवेअर, म्हणजे रेल्स आणि सर्व्हर यांना जोडणाऱ्या रॅकमधील मधला टप्पा: उत्तराचा ठसा काढण्यासाठी त्याला पूर्ण मजकूर लागतो, आणि रॅक २.२ मध्ये ते एन्युमरेटरही शेवटपर्यंत वाचून घेते. ‘लास्ट मॉडिफाइड’ हेडर आपणच भरले की ते उत्तराला हात लावत नाही. दुसरा एनजिनएक्स: त्याचे बफर बंद करण्यासाठी ‘एक्स-ॲक्सेल-बफरिंग’ या हेडरमध्ये ‘नो’ लिहून पाठवावे.

या पायरीवर जे ओझे अंगावर येते ते सर्वांत मोठे आहे. एन्युमरेटरचा ब्लॉक चालतो तेव्हा ॲक्शन संपलेली असते, २०० हा क्रमांक ब्राउझरला पोहोचलेला असतो, आणि ‘रेस्क्यू फ्रॉम’ने लावलेले जाळे आता खाली नसते. चाळीस हजाराव्या ओळीवर अपवाद उठला तर वापरणाऱ्याला चूक दिसत नाही. त्याला एक नीटनेटकी, पण अपुरी फाइल मिळते, आणि पतसंस्थेच्या हिशेबात अपुरी यादी ही रिकाम्या यादीपेक्षा वाईट. म्हणून ब्लॉकच्या आत स्वतंत्र ‘रेस्क्यू’ लिहून चूक लॉगमध्ये नोंदवावी, आणि फाइलची शेवटची ओळ ‘एकूण सभासद’ आणि त्यांची संख्या अशी ठेवावी. ती ओळ नसेल तर यादी अर्धवट आहे, हे लेखनिकांना सांगून ठेवता येते. हा उपाय मला त्यांनीच सुचवला. त्यांच्या कीर्द-खतावणीत पानाच्या तळाशी बेरीज नसेल तर ते पान पुरे झाले असे मानतच नाहीत.

रेल्स ४ पासून असलेले ‘ॲक्शन कंट्रोलर लाइव्ह’ हा दुसरा मार्ग आहे, आणि रेल्स ७ मधील ‘सेंड स्ट्रीम’ त्याच्यावर बसवलेला असून फाइलच्या नावाचे हेडर स्वतः लिहितो. लाइव्ह वापरताना ते मॉड्यूल ज्या कंट्रोलरमध्ये घेतले त्याच्या सगळ्याच ॲक्शन वेगळ्या थ्रेडमध्ये चालतात, म्हणून स्ट्रीमसाठी छोटा स्वतंत्र कंट्रोलर ठेवावा. पहिला बाइट गेल्यानंतर हेडर बदलता येत नाही आणि स्ट्रीम ‘एन्शुअर’मध्ये बंद केला नाही तर जोडणी लटकत राहते.

वाट नेहमीची झाली तर

सीएसव्ही पाठवणारी दुसरी-तिसरी ॲक्शन लिहिताना खूण, नाव आणि प्रकार यांच्या त्याच ओळी पुन्हा उतरवाव्या लागत असतील, तर ‘ॲक्शन कंट्रोलर रेंडरर्स’च्या ‘ॲड’ मेथडने ‘सीएसव्ही’ नावाचा स्वतःचा रेंडरर इनिशियलायझरमध्ये नोंदवावा. त्याच्या ब्लॉकला ऑब्जेक्ट आणि पर्याय मिळतात. आत यादीची स्ट्रिंग तयार करून, धोक्याचे रकाने झाकून, खूण जोडून ‘सेंड डेटा’ करायचे. मग प्रत्येक कंट्रोलरमध्ये ‘रेंडर’ला ‘सीएसव्ही’ पर्याय देऊन नोंदी सोपवल्या की झाले. ‘जेसन’ हा पर्यायही रेल्सच्या आत याच यंत्रणेने नोंदवलेला आहे.

सर्वांत खालची पायरी म्हणजे ‘ॲक्शन कंट्रोलर मेटल’, किंवा त्याहूनही खाली, रूट्समध्ये (पत्ते ठरवणाऱ्या फाइलीत) थेट लिहिलेला लॅम्डा, म्हणजे निनावी फंक्शन, जो क्रमांक, हेडर आणि मजकूर अशी तीन घटकांची ॲरे परत करतो. सर्व्हर जिवंत आहे का, एवढे सांगण्यासाठी लोक हा वापरत असत, रेल्स ७.१ पासून नव्या ॲप्लिकेशनमध्ये ‘अप’ हा पत्ता आयता मिळतो. लॅम्डामध्ये लॉगिनची तपासणी नसते, आणि ब्राउझरने प्रकाराचा अंदाज बांधू नये म्हणून रेल्स एरवी लावते ती ‘नोस्निफ’सारखी सुरक्षेची हेडरही नसतात. रॅक ३ मध्ये हेडरची नावे लहान रोमन अक्षरांतच लिहावी लागतात, एवढे लक्षात ठेवून ही पायरी मी सहसा तशीच सोडून देतो.

तपासणी

शिरस्त्याबाहेरचे उत्तर ब्राउझरमध्ये पाहून तपासू नये, कारण ब्राउझर पुष्कळ चुका सांभाळून घेतो. रिक्वेस्ट टेस्टमध्ये चार गोष्टी तपासाव्यात: उत्तराचा क्रमांक, ‘मीडिया टाइप’, ‘कंटेंट डिस्पोझिशन’मध्ये फाइलचे नाव, आणि मजकुराचे पहिले तीन बाइट २३९, १८७, १९१ आहेत की नाहीत. चाचणीच्या माहितीत निदान एक सभासद जोडाक्षरांच्या नावाचा आणि एक बरोबरच्या चिन्हाने सुरू होणाऱ्या पत्त्याचा असावा.

स्ट्रीमसाठी टेस्ट पुरत नाही, तिथे टर्मिनलवर ‘कर्ल’ हा मागणी पाठवणारा प्रोग्राम लागतो. हेडर दाखवणारा आणि कर्लचे स्वतःचे बफर बंद करणारा, असे दोन्ही पर्याय देऊन मागणी करावी, आणि तेवढ्यापुरती ब्लॉकमध्ये दर ओळीनंतर अर्ध्या सेकंदाची झोप घालावी. ओळी एकेक करून उमटत असतील तर स्ट्रीम खरा आहे. बराच वेळ काहीच न होता सगळे एकदम कोसळत असेल, तर एनजिनएक्सला वगळून थेट प्यूमा या रूबी सर्व्हरच्या पोर्टवर तीच मागणी करून पाहावी. तिथे ओळी सुट्या आल्या तर बफरिंगचे हेडर एनजिनएक्सपर्यंत पोहोचत नाही, आणि तिथेही एकदमच आल्या तर ‘लास्ट मॉडिफाइड’ लिहायचे राहून गेले आहे का ते पाहावे.